ऑप्शनला टाकलेला धडा

लातुरात नवीन माणसाला ‘तुम्ही काय करता?’ असं कुणी विचारत नाही. ‘काय शिकवता?’ असं विचारतात. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा तर गावाला क्लासचं वेडच लागलं होतं. ज्याच्या घरात एक खोली जास्तीची तो होस्टेल चालवायचा, ज्याची बायको भाकरी चांगली करते तो मेस, आणि ज्याला खडू धरता येतो तो क्लास. मी इंजिनियर आहे म्हटलं की समोरचा क्षणभर थांबायचा आणि आपुलकीनं म्हणायचा, ‘हां हां. मंग फिजिक्स घेता का मॅथ्स?’

मी काहीच घेत नव्हते. माझं माहेर मुखेडचं, शिक्षण विष्णुपुरीच्या इंजिनियरिंग कॉलेजात, आणि त्यानंतर पुण्यात एका कंपनीत जावामध्ये प्रोग्रॅम लिहायची नोकरी. ती नोकरी मला मनापासून आवडायची. नवरा लातूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा, त्याची बदली होण्यासारखी नव्हती, म्हणून माझी झाली. मी एकच अट घातली होती, की मी माझंच काम करीन. सगळ्यांनी ‘हो हो’ म्हटलं. लग्नाच्या बैठकीत सगळे हो हो म्हणतात. सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात शेजारच्या क्लासची चौकशी करून ठेवली होती.

मग एका क्लासचे मालक भेटले. त्यांना सगळं गाव नुसतं ‘सर’ म्हणायचं. चार मजली इमारत, हजारो पोरं, आणि डोक्यात एक कल्पना: रविवारी परीक्षा झाली की सोमवारी सकाळी निकाल वेबसाईटवर दिसला पाहिजे, म्हणजे उदगीरचा, देगलूरचा बाप गावातल्या नेट कॅफेत जाऊन पोराचा नंबर बघेल. आमचं ठरलं ते असं. हंगामाच्या पहिल्या परीक्षेला हे चाललं, तर सर क्लासमध्ये स्वतंत्र संगणक विभाग काढणार आणि तो माझ्या हाती देणार. नांदेड-लातुरातल्या बाकीच्या क्लासना आम्ही तेच करून देऊ, असं मी मनात ठरवूनही टाकलं. आणि नाही चाललं, तर मी अकरावीचं गणित घ्यायचं. त्यांचे गणिताचे सर नुकतेच समोरच्या क्लासनं पळवले होते. ‘तुमचा बी वेळ वाया जायचा न्हाई, आमचा बी न्हाई,’ ते म्हणाले. म्हणजे माझ्यापुरता प्रश्न सरळ होता. हे पान चाललं तर मी इंजिनियर, नाही चाललं तर लातुरातली अजून एक मॅडम.

बसायची जागा बघून माझं डोकं पहिल्यांदा फिरलं. चार मजल्यांची इमारत सोडून सरांनी कॉम्प्युटर ठेवले होते अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. जून कोरडा चाललेला, दुपारी पत्रा तापायचा, मशीनचा पंखा धापा टाकायचा, त्यात लोडशेडिंग. मी म्हटलं, ‘सर, वर एक खोली द्या. स्लॅबखाली गारवा असतो.’ सरांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, ‘महागाची वस्तू मी स्लॅबखाली ठेवत न्हाई.’ सर किल्लारीच्या बाजूचे. भूकंपानंतर कुणी छताखाली बसायला तयार नव्हतं, तेव्हा याच शेडमध्ये त्यांनी पहिला क्लास सुरू केला होता. मागच्या भिंतीला तेव्हाचा फळा अजून होता. भूकंपाला एवढी वर्षं झाली, पोरांना खुशाल चौथ्या मजल्यावर बसवतात आणि कॉम्प्युटर मात्र पत्र्याखाली, हे लॉजिक मला कधी कळलं नाही. पुढं कळलं की स्वतः सरही उन्हाळा-पावसाळा पत्र्याखालीच झोपतात. मग मी खोली मागायचं सोडलं आणि घरून टेबलफॅन आणला.

मदतीला त्यांनी एक मुलगी दिली. जळकोटची, वडील तहसीलमध्ये कारकून, आणि शिकलेली माझ्याच विष्णुपुरीच्या कॉलेजात, माझ्यामागून. दहावीला याच क्लासची, बारावीला याच क्लासची, दोन्हीकडं नंबरात. हुशार यात शंकाच नाही. पण काय तऱ्हेची हुशार, ते मला दुसऱ्या दिवशी समजलं.

काम काय होतं ते सांगते. मागं डेटाबेस, त्यात पोरांची नावं आणि मार्क. पुढं वेबचं पान, जे बाप बघणार. ही दोन्ही बिऱ्हाडं एकमेकांना ओळखत नाहीत. डेटाबेसशी बोलायला हायबरनेट नावाचा एक गडी होता, पानाशी बोलायला स्ट्रट्स नावाचा दुसरा, आणि या दोघांची गाठ घालून द्यायला स्प्रिंग नावाचा मध्यस्थ. मध्यस्थाला सगळं लेखी द्यावं लागायचं: कोण कुणाचा, कोण कुणाला हाक मारणार, कोण आधी येणार. पुण्यात मी फक्त डेटाबेसकडची बाजू बघायचे. पानाची बाजू दुसरी टीम बघायची आणि सगळं जुळवायला तिसरीच माणसं होती. इथं तिन्ही बाजूंना मीच, आणि ही मुलगी.

मी तिला म्हटलं, जुळणीची फाईल लिहायला घे. तिनं ती एका दमात लिहिली. पुस्तक न उघडता, पाढे म्हणावेत तशी, कंस-बिंस सगळं जागेवर. मी चाटच पडले. चालवली तर ढिम्म हलेना. बघते तर काय, पुस्तकातलं उदाहरण बँकेचं होतं, ते तिनं नावांसकट उतरवलं होतं. आमच्या क्लासची सगळी पोरं त्या फाईलीत बँकेचे ग्राहक होती.

‘अगं, आपल्याकडं ग्राहक कुठले?’

‘पुस्तकात तसंच आहे मॅडम.’

‘पण असं का लिहायचं, ते बघितलंस का?’

तिनं मान हलवली. तिला राग आला नव्हता, लाजही वाटली नव्हती. ‘क्लासमध्ये का-कामून विचारू देत न्हाईत मॅडम,’ ती म्हणाली. ‘कामूनला मार्क न्हाईत.’

मीही मुखेडहून येऊन असेच पाठ केलेले पेपर लिहून पुढं गेले होते. फरक इतकाच, की पुण्यात माझं पाठांतर कुणीतरी झोडपून काढलं होतं. इथं झोडपायचं काम माझ्याकडं आलं, आणि मला शिकवायचं नव्हतं. मला एक पान चालवायचं होतं.

त्यात सरांचा रोजचा प्रश्न. सकाळच्या बॅचा सुटल्या की ते शेडच्या दारात उभे राहायचे.

‘किती टक्के झालं?’

‘साठ टक्के म्हणा.’

‘काल बी साठच होतं.’

‘सर, हे टक्क्यांत मोजता येत नाही. जुळलं की एकदम जुळतं, नाहीतर काहीच दिसत नाही.’

‘न्हाई मॅडम, टक्के समद्याला असतात,’ असं म्हणून ते निघून जायचे. मग मी रोज दोन-दोन टक्के वाढवत गेले आणि ते खूश राहिले.

पान आकाराला यायला लागलं तसा सरांनी आणखी एक रकाना मागितला. पोराचं नाव, मार्क, नंबर, गाव हे होतंच. त्यांना हवं होतं ‘जुनं गाव’.

‘जुनं गाव म्हणजे?’

‘आमच्याकडच्या पोरांना गाव दोन असतात मॅडम. एक नवं, सरकारनं बांधून दिलेलं. एक जुनं.’

‘पण आता राहतात नव्यातच ना? पत्र नव्यातच जाणार ना?’

‘राहतात हो. पण गाव इचारलं की जुनंच सांगतात.’

मला ते बिनकामाचं वाटलं. काम संपत आल्यावर पाहुण्यानं नवीन खोडी काढावी तसं. पण मालक ते. मी कुरकुरत जुन्या गावांचा एक वेगळा तक्ता केला आणि ज्या पोराला जुनं गाव असेल त्याला तो जोडून दिला. आम्ही चाचणीला जी नावं घातली ती सगळी जळकोट, मुखेड, लातूर अशी. त्यांचा तो रकाना रिकामा. पान छान चाललं. मी त्या दिवशी सरांना पंच्याण्णव टक्के सांगितलं आणि घरी जाताना बेकरीतून केक नेला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, आम्ही क्लासमधल्या खऱ्या पोरांची यादी आणि लुटुपुटूचे मार्क घालून पान उघडलं. पहिला नंबर दिसला. दुसरा दिसला. तिसऱ्याचं नाव आलं, मार्क आले, गाव आलं, आणि तिथंच पान तुटलं. खाली पांढरं फटक. उरलेली हजारो पोरं गायब. पुन्हा लावलं, पुन्हा तिथंच. तिसरा मुलगा भूकंपग्रस्त गावातला होता. पान त्याच्या जुन्या गावाशी येऊन मान टाकत होतं.

मला त्या मुलाचा राग आला, जुन्या गावाचा आला, सरांचा तर आलाच. पुण्यातली माझी जुनी टीम एसीत बसून कॉफी पीत असेल, हे आठवून डोळ्यांत पाणी आलं. उद्या परीक्षा, परवा निकाल, आणि परवाच माझं काय ते ठरणार. मी उठले आणि तो रकानाच काढून टाकला. एक ओळ पुसली. पान धाडधाड शेवटपर्यंत उघडलं. मुलगी माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, ‘काय बघतेस? चाललं ना?’

जेवणानंतर सर आले. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि एकेक ओळ बोटानं वाचत खाली गेले. मग विचारलं, ‘जुनं गाव कुठाय?’

‘काढलं सर. त्यानं पान तुटत होतं. पुढच्या महिन्यात घालू.’

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मला वाटलं, ओरडतील. ते ओरडले नाहीत. म्हणाले, ‘मॅडम, नव्या गावात माझं बी घर हाय. चांगलं हाय, रस्ते सरळ हायेत. पण माझी माणसं जुन्यात ऱ्हायली. त्या पोराचा बाप कॅफेत येऊन पान बघणार. त्यात त्याचं गाव नसलं तर मंग माझ्याकडं कशाला धाडला त्यानं पोरगा?’ आणि उठता उठता, अगदी साध्या आवाजात, ‘जमत नसलं तर सांगा. गणित हायच.’

ते गेले. मला लाज वाटली आणि त्याच वेळी चीडही आली. त्यांचं दुःख खरं होतं, ते मला मान्य होतं. पण ते दुःख माझ्या प्रोग्रॅमच्या ऐन तोंडावर आणून बसवायची काय गरज होती? तरी मी ती ओळ परत घातली. पान परत तुटलं. मग मी मागच्या फळ्यासमोर जाऊन उभी राहिले, कारण डोकं चालेना की मला लिहायला लागतं.

‘इकडं ये,’ मी मुलीला म्हटलं. ‘आपण पाठ केलेलं सगळं विसरायचं. तुझे वडील तहसीलमध्ये खिडकीवर बसतात ना?’

‘हाव.’

‘खिडकी उघडी असली की काय होतं?’

‘लोक कागद मागतात, बाबा काढून देतात.’

‘बंद झाल्यावर?’

‘मंग कितीबी ओरडा. बाबा जेवायला जातात.’

मी फळ्यावर खिडकी काढली. म्हटलं, हायबरनेट हे तुझ्या वडिलांसारखंच आहे. पोराची माहिती मागितली की नाव, मार्क, नवं गाव लगेच देतं, ते एकाच कागदावर आहे. जुनं गाव दुसऱ्या कपाटात. ते म्हणतं, आत्ता कशाला उठू, लागलं की मागा, देईन. ठीक आहे. आता आपलं पान कधी लिहिलं जातं? खिडकीवरचं काम आटोपून, खिडकी लावून झाल्यावर. पान लिहिता लिहिता तिसऱ्या मुलापाशी आलं, त्याला जुनं गाव लागलं, ते मागायला परत फिरलं...

‘खिडकी बंद,’ ती म्हणाली. मग ती उठून फळ्यापाशी आली. ‘पण मंग जळकोटच्या पोरीला कामून न्हाई तुटलं?’

इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदा कामून विचारलं. मी काही सांगायच्या आत तीच म्हणाली, ‘तिला जुनं गावच न्हाई. मागायला जायचं कामच न्हाई.’ आणि खुदकन हसली. मलाही हसू आलं.

‘बरोबर. मग आता काय करायचं? पान लिहून होईपर्यंत खिडकी उघडी ठेवायची. ती कशी ठेवायची, ते मला माहीत नाही. पुण्यात ते दुसरे लोक करायचे.’

ती हळूच म्हणाली, ‘पुस्तकात आहे मॅडम. शेवटून दुसरा धडा. मी तो ऑप्शनला टाकला होता.’

‘काय केला होतास?’

‘ऑप्शनला टाकला होता. त्यावर कधी प्रश्न येत न्हाई म्हणून.’

मी हातातला खडू खाली टाकला. सबंध पुस्तक स्वल्पविरामासकट पाठ, आणि आम्हाला जो लागणार तोच धडा हिनं ऑप्शनला टाकलेला. महिनाभर पत्र्याखाली भाजून निघालो ते यासाठी. अख्ख्या गावाची हीच रीत. कुठल्या धड्याला किती मार्क ते बघायचं, कमी मार्कांचा सोडून द्यायचा, आणि नंबर काढायचा. मी तिला वाट्टेल ते बोलले. ती ऐकत पुस्तक काढत होती. मग आम्ही दोघींनी तो धडा आयुष्यात पहिल्यांदा समजून घेत वाचला. सगळ्यांच्या आधी एक राखणदार बसवायचा, तो येताना खिडकी उघडतो आणि पान लिहून झाल्यावरच बंद करतो. राखणदार स्ट्रट्सच्या आधी बसला पाहिजे, मागं बसला तर उपयोग नाही. पहिल्यांदा आम्ही मागंच बसवला. तिनंच ओळखलं. ‘हा मागून आला तर खिडकी कुणासाठी उघडणार?’ म्हणाली. पुढं आणला. पान उघडलं. तिसरा मुलगा, त्याचं नवं गाव, त्याचं जुनं गाव, चौथा, पाचवा, आणि सरळ शेवटापर्यंत.

मागं वळून बघितलं तर सर दारात उभे. कधीपासून होते कोण जाणे. मी म्हटलं, ‘सर, शंभर टक्के.’ त्यांनी पडद्याकडं बघितलंच नाही. ते फळ्यावरच्या खिडकीकडं बघत होते.

सोमवारी निकाल लागला, पान चाललं, नेट कॅफेंतून फोन आले. सर मला पेढा द्यायला स्वतः आले. मी संगणक विभागाचं काढलं. कुठली खोली, किती माणसं, सगळं मी लिहून आणलं होतं.

‘विभाग कशाला आता?’ सर म्हणाले. त्यांना खरोखर नवल वाटलं होतं. ‘चालायलंय की ते.’

‘सर, आपलं ठरलं होतं.’

‘ठरलं होतं, मी न्हाई कुठं म्हणतो? पण मॅडम, पंखा बसला, फिरायला लागला, तर वायरमनला कुणी घरात ठेवून घेतं का? बिघडलं की बोलवतो. आन तुमचं तुम्हाला ठाव न्हाई, तुम्ही शिकवता कसलं. मी दारात उभा ऱ्हाऊन ऐकलं. मला सुद्धा समजलं ते. अशी मॅडम मी पत्र्याखाली कशाला ठेवू?’

मी भांडले. चांगली अर्धी दुपार भांडले. नापास झाले असते तर गणित, आणि पास झाले तरी गणित, मग ही परीक्षा घेतलीच कशाला, असंही विचारलं. त्यावर ते समजुतीनं हसले. गुरुवारी चौकात नवा फ्लेक्स लागला, त्यात आठ सरांच्या रांगेत शेवटी मी, लग्नाच्या अल्बममधला फोटो. तो सासूबाईंनी दिला होता. मुखेडहून वडिलांचा फोन आला, आवाज आनंदानं भरून आलेला. माझ्या निकालाच्या पानाबद्दल मी त्यांना महिनाभर सांगत होते, तेव्हा त्यांनी नुसतं हं हं केलं होतं.

ती मुलगी दिवाळीनंतर पुण्याला गेली. मुलाखतीत तिला हाच प्रश्न विचारला, की तीन बाजू कशा जुळवतात आणि पान मध्येच का तुटतं. तिनं उठून फळ्यावर खिडकी काढली. नोकरी मिळाली. तिनं फोन करून सगळं सांगितलं, आणि मला आनंद झाला. फोन ठेवल्यावर मात्र मी न जेवता झोपले. अजूनही दर दिवाळीला तिचा फोन येतो आणि दर वेळी ती विचारते, ‘मॅडम, तुम्ही तिथंच?’

ते पान काही बिघडलं नाही. दर सोमवारी मी वर्गावर जाण्याआधी शेडमध्ये डोकावायचे. मनात इच्छा एकच, की आज तरी तुटलेलं असावं. सरांनी धावत येऊन म्हणावं, मॅडम, खाली या, तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही. ते आपलं शेवटच्या नावापर्यंत नीट उघडायचं. आम्ही ते जरा जास्तच चांगलं केलं होतं.

बरीच वर्षं गेली. एका जूनमध्ये तास सुरू व्हायच्या आधी सर खरोखरच जिन्यापाशी आले. थकले होते. म्हणाले, ‘मॅडम, शेडमध्ये जरा काम होतं तुमचं. ते जुन्या गावाचं काढून टाका. आताची पोरं भूकंपानंतरची. समदी रिकामं सोडायलीत. कुणी लिहीतच न्हाई.’

इतकी वर्षं मी ज्या हाकेची वाट बघत होते, ती हीच. एक ओळ पुसायची होती, आणि ती पुसायला त्यांना मीच हवी होते. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, ‘आत्ता नाही सर. मला तास आहे.’

सर म्हणाले, ‘मंग ऱ्हाऊ द्या. रिकामं असलं तरी चालतंय की.’ आणि शेडकडं गेले. मी पुस्तक काखेत धरून वर चढले. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर मी काय बोलले ते माझ्या लक्षात आलं, आणि वर्ग समोर असून मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले.